ड्रॅगन चालतो, काळा सरदार चालत नाही

२०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इंग्रजी कल्पनारम्य साहित्यातल्या दोन गाजलेल्या गाथा टीव्हीवर आल्या. २१ ऑगस्टला एचबीओवर 'हाऊस ऑफ द ड्रॅगन' सुरू झाली. सप्टेंबरच्या सुरुवातीला ॲमेझॉनने टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या जगावर बेतलेली 'द रिंग्ज ऑफ पॉवर' आणली. पहिलीत आग ओकणारे ड्रॅगन होते, दुसरीत हजारो वर्षे जगणारे एल्फ होते. प्रेक्षकांना यातले काहीही खटकले नाही. खटकले ते एवढेच की काही पात्रांची कातडी काळी होती.

'रिंग्ज ऑफ पॉवर'मध्ये अरोंदिर नावाचा एल्फ योद्धा आहे. ती भूमिका इस्माएल क्रूझ कोर्दोव्हा या पोर्टो रिकोच्या कृष्णवर्णीय नटाने केली. मालिका येण्याआधी जवळजवळ दोन वर्षे आपल्याला सतत द्वेषाचे संदेश येत होते, असे त्याने मुलाखतीत सांगितले. एक भागही कोणी पाहिलेला नव्हता, फक्त नाव आणि चेहरा कळला होता! मालिका आल्यावर ॲमेझॉनने प्रेक्षकांचे अभिप्राय ७२ तास रोखून धरले. ७ सप्टेंबरला सर्व कलाकारांना एकत्र निवेदन काढावे लागले की आमचे सहकारी वंशद्वेषाला तोंड देत आहेत आणि आम्ही त्यांच्या बाजूने उभे आहोत. जुन्या चित्रपटांत हॉबिट झालेल्या चार नटांनी वेगवेगळ्या वर्णांचे कान छापलेले कपडे घालून पाठिंबा दिला.

या चाहत्यांचा युक्तिवाद ऐकायला सभ्य होता. ते म्हणत, आम्ही वंशवादी नाही, आम्हाला फक्त मूळ पुस्तकाशी निष्ठा हवी आहे. मित्रांनो, हा युक्तिवाद आपल्याला ओळखीचा वाटतो ना? 'आम्ही जातीयवादी नाही, आम्ही फक्त परंपरा पाळतो' हेच वाक्य आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो आहोत. म्हणून ही निष्ठा एकदा इतिहासाच्या कसोटीवर तपासून पाहू.

निष्ठेची तपासणी

पहिला पुरावा टॉल्किनचाच. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या प्रास्ताविकात हॉबिट लोकांच्या तीन शाखा सांगितल्या आहेत. त्यातली हारफूट शाखा इतरांपेक्षा अधिक तपकिरी वर्णाची असल्याचे टॉल्किनने स्वतः लिहिले आहे. तरीही मालिकेत लेनी हेन्री हा कृष्णवर्णीय ब्रिटिश नट हारफूट झाला तेव्हा त्याच्यावरही टीका झाली. निष्ठावंतांनी निदान प्रास्ताविक तरी वाचायला हवे होते.

दुसरा पुरावा उर्सुला ले ग्विन यांचा. १९६८ साली त्यांची 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी आली. तिचा नायक गेड हा तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, त्याचा जिवलग मित्र काळा आहे आणि गोऱ्या कातडीचे लोक तिथे लुटारू टोळ्या म्हणून येतात. लेखिकेने हे ठरवून केले होते. जादूगार, राजा, वीर गोराच का असावा, हा तिचा प्रश्न होता. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेच्या साय-फाय चॅनेलने या पुस्तकांवर मालिका काढली आणि गेडच्या भूमिकेत गोरा नट घेतला. पुस्तकातली बहुतेक माणसे रातोरात गोरी झाली. ले ग्विन यांनी लगेच जाहीर लेख लिहून निषेध केला. हे द्वीपसमूहाचे जग मी रंगीत लोकांचे म्हणून लिहिले होते, ते तुम्ही धुऊन पांढरे केले, असा त्यांचा आक्षेप होता. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरही गेडला गोरा दाखवले जाई आणि त्याविरुद्ध त्या वर्षानुवर्षे झगडत होत्या. या प्रकारच्या साहित्यात आपल्यालाही जागा आहे असे तुमच्या पुस्तकामुळे पहिल्यांदा वाटले, असे रंगीत वाचकांनी त्यांना कळवले होते. त्या वाचकांना हा अपमान कळला. पण मूळ पुस्तकाची इतकी उघड मोडतोड होऊनही २०२२ सारखे वादळ तेव्हा उठले नाही.

तिसरा पुरावा चित्रपटाचा आहे, पण तो टाळता येत नाही. 'द हंगर गेम्स' या २००८ च्या कादंबरीत रू नावाच्या मुलीची कातडी गडद तपकिरी असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. २०१२ च्या चित्रपटात त्या भूमिकेत अमांडला स्टेनबर्ग ही कृष्णवर्णीय मुलगी आली, तर पुस्तकाचे चाहते चिडले. रू काळी आहे हे कळल्यावर तिच्या मरणाचे दुःख कमी झाले, असेही काहींनी उघडपणे लिहिले. पुस्तक वाचताना त्यांनी तिला मनातल्या मनात गोरी करून टाकले होते, कारण निरागस मुलगी म्हणजे गोरी मुलगी हे त्यांच्या मनात आधीच ठरलेले होते.

याचा अर्थ काय? पुस्तकात गोरा असेल तर पुस्तक प्रमाण, पुस्तकात काळा असेल तर पुस्तक विसरायचे. ही कसली निष्ठा?

खरे दुखणे पायरीचे

'हाऊस ऑफ द ड्रॅगन'मध्ये कोर्लिस वेलारिऑन हा राज्यातला सर्वांत श्रीमंत सरदार आहे. त्याच्याकडे आरमार आहे आणि राजघराण्याशी सोयरीक आहे. मूळ पुस्तकात हे घराणे गोरे आहे, हे मान्यच आहे. ही भूमिका स्टीव्ह टूसां या कृष्णवर्णीय ब्रिटिश नटाने केली आणि त्याच्यावरही शिव्यांचा भडिमार झाला. तेव्हा तो मुलाखतीत जे बोलला ते आपण नीट लक्षात ठेवले पाहिजे. त्याचे म्हणणे असे की आधीच्या मालिकेत आम्ही गुन्हेगार, समुद्री लुटारू आणि गुलाम होतो तेव्हा तुमची काहीच तक्रार नव्हती. आता हा माणूस श्रीमंत आहे, खानदानी आहे, म्हणून तुम्हाला त्रास होतो.

आधीची मालिका म्हणजे २०११ ते २०१९ चाललेली 'गेम ऑफ थ्रोन्स'. तिच्यातली ठळक कृष्णवर्णीय पात्रे आठवा. मिसांदेई आणि ग्रे वर्म, दोघेही गुलामगिरीतून सुटलेले. सॅलाडोर सान हा समुद्री लुटारू. गंमत म्हणजे पुस्तकात हा लुटारू ज्या लिस शहराचा आहे, तिथले लोक गोऱ्या कातडीचे आणि फिकट केसांचे म्हणून ओळखले जातात. मालिकेत ती भूमिका लुसियन मसामाटी या कृष्णवर्णीय नटाला दिली. गोऱ्यांच्या शहरातला माणूस काळा झाला, पण तो लुटारू होता, म्हणून कोणाची 'निष्ठा' दुखावली नाही. सरदार काळा झाला आणि संस्कृती बुडाली!

बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिची आठवण इथे येते. वंश आणि जात एक नाहीत. जातीची वांशिक उपपत्ती बाबासाहेबांनी स्वतः नाकारली होती, त्यामुळे दोन्ही गोष्टींची सरमिसळ आपण करू नये. पण वर्चस्वाची रीत सारखी असू शकते. वरच्यांना खालच्या माणसाच्या केवळ असण्याचा राग येत नाही. त्याने झाडू मारला, ओझे उचलले तर तो डोळ्यांना दिसतही नाही. तो घोड्यावर बसून वरातीत निघाला, त्याने मिशीला पीळ दिला की दगड येतात. अरोंदिर आणि कोर्लिस यांचा गुन्हा हाच होता. ते घोड्यावर बसले होते.

टॉल्किन कोणाचा?

मग टॉल्किन वंशवादी होता का? उत्तर सरळ नाही. १९३८ मध्ये एका जर्मन प्रकाशकाने 'तुम्ही आर्य आहात का' असे विचारले तेव्हा त्याने संतापून उत्तराचा मसुदा लिहिला आणि आपल्या पूर्वजांत ज्यू नसल्याची खंत व्यक्त केली. त्याचा जन्म दक्षिण आफ्रिकेतला. १९५९ मध्ये ऑक्सफर्डच्या निरोपाच्या भाषणात त्याने वर्णभेदी राजवटीबद्दलचा तिरस्कार बोलून दाखवला. पण त्याच्याच पुस्तकात सावळे दाक्षिणात्य आणि पूर्वेकडचे लोक दुष्ट शक्तीच्या सैन्यात उभे आहेत, आणि एका पत्रात त्याने ऑर्कचे वर्णन मंगोल चेहऱ्यांचे विद्रूप रूप असे केले आहे. माणूस म्हणून तो नाझींच्या विरोधात होता, पण त्याच्या कल्पनेच्या नकाशात रंगांची उतरंड राहिली.

या उतरंडीचा राजकीय उपयोगही झाला. १९७७ मध्ये इटलीतल्या नवफॅसिस्ट पक्षाच्या तरुणांनी 'कॅम्प हॉबिट' नावाने मेळावे सुरू केले. त्याच परंपरेत वाढलेल्या आणि टॉल्किनला मानणाऱ्या जॉर्जिया मेलोनी ऑक्टोबर २०२२ मध्ये इटलीच्या पंतप्रधान झाल्या. तेव्हा 'करमणुकीत राजकारण आणू नका' असे कोणी म्हणाले तर एवढेच सांगा की राजकारण तिथे फार आधी पोचले आहे, आणि ते आपण नेलेले नाही.

ॲमेझॉन आपला मुक्तिदाता नाही

इथे दुसऱ्या टोकाचीही सावधगिरी हवी. मालिकेच्या संथ कथेवर, कच्च्या लेखनावर टीका करणारा प्रत्येक जण द्वेष्टा नव्हता. आणि पडद्यावर काळा एल्फ उभा केला म्हणून ॲमेझॉन समतावादी ठरत नाही. एप्रिल २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील ॲमेझॉनच्या गोदामात कामगारांनी मतदानाने संघटना जिंकली. तिचा नेता ख्रिस स्मॉल्स हा कृष्णवर्णीय कामगार. कोरोनाच्या सुरुवातीला सुरक्षेसाठी आवाज उठवल्यावर त्याला २०२० मध्ये कामावरून काढले होते. तो हुशार नाही, त्याला नीट बोलता येत नाही, असे कंपनीच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याने लिहिल्याची टिपणे बाहेर आली होती. एकाच कंपनीला पडद्यावरचा काळा योद्धा विकायला हवा असतो आणि गोदामातला काळा योद्धा नकोसा असतो. प्रतिनिधित्वाची मर्यादा ही अशी असते.

जागा, प्रश्न आणि लेखणी

आपल्याकडेही टीव्हीवरच्या कथेने असा संघर्ष पाहिला आहे. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' मालिका चालली. ती संपत आली तेव्हा उत्तर भारतात वाल्मिकी समाजातल्या सफाई कामगारांनी संप केला. जिथे वाल्मिकी स्वतः पात्र म्हणून येतात तो लव-कुशाचा भाग दाखवा, ही त्यांची मागणी होती, आणि तो भाग पुढे निघाला. याच काळात महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये बाबासाहेबांचे 'रिडल्स इन हिंदुइझम' प्रसिद्ध केले. राम-कृष्णावरील प्रकरण वगळा म्हणून शिवसेना रस्त्यावर उतरली. ते वगळू देणार नाही म्हणून फेब्रुवारी १९८८ मध्ये भीमसैनिकांचा प्रचंड मोर्चा मुंबईत निघाला. प्रकरण राहिले, फक्त शासन त्या मतांशी सहमत नाही अशी टीप त्याला जोडली गेली.

एकाच वेळी दोन मार्ग दिसले. एक, दुसऱ्याच्या कथेत आपली जागा मागणे. दुसरा, त्या कथेलाच प्रश्न विचारणे. पहिला मार्ग तुच्छ नाही, झाडू खाली ठेवून मागितलेली ती जागा होती. पण जागा देणाऱ्याच्या हातात ती परत घेणेही असते. प्रश्न विचारण्याचा हक्क मात्र आपण लढून राखला.

तिसरा मार्ग लेखणीचा आहे. एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय लेखिकेने २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षे सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्युगो पुरस्कार जिंकला. तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. तिने टॉल्किनच्या जगात जागा मागितली नाही, स्वतःचे जग उभे केले. ब्लॅक पँथरकडून नाव घेऊन १९७२ मध्ये दलित पँथर उभी करणाऱ्यांच्या वारसांना यातून काय घ्यायचे ते वेगळे सांगायला नको. आपल्या आत्मकथनांनी मराठी साहित्य हलवून सोडले. जे भोगले ते आपण लिहिले. आता जे अजून घडलेले नाही तेही लिहा. राजा कसा असावा, राज्य कसे असावे, राजाच नसलेले राज्य कसे असेल, हे स्वप्न पाहण्याचा मक्ता कोणाच्या बापाचा नाही.

जय भीम!