आवाज किती दुरून येतो?

श्राव्य गोष्टींसाठी ध्वनिसंयोजन शिकू पाहणारे बहुतेक जण आधी आवाज गोळा करतात : पाऊस, टापा, दाराची करकर. माझ्या मते या कलेचा उगम शोधायचा तर ऐकणाऱ्याला कुठे उभं केलं, हे पाहावं लागतं.

आवाज रंगभूमीकडे होतेच. ब्रिस्टलच्या जुन्या नाट्यगृहात छतावरच्या लाकडी पन्हळीतून जड गोळे घरंगळवून मेघगर्जना केली जाई. पण तिथे समोर नट दिसत असत.

१५ जानेवारी १९२४ रोजी बीबीसीने रिचर्ड ह्यूजची ‘डेंजर’ ही खास रेडिओसाठी लिहिलेली नाटिका प्रसारित केली. वेल्समधल्या कोळशाच्या खाणीत दिवे जातात आणि माणसं अंधारात सापडतात. श्रोत्याला दिसत नाही, तसं पात्रांनाही दिसत नाही. खाणकामगारांचं गाणं दुरून ऐकू यायला हवं होतं. म्हणून वेल्श गायकांना स्टुडिओबाहेरच्या बोळात उभं केलं आणि दार उघडून-लावून त्यांचं गाणं जवळ आणलं, दूर नेलं. मला ही युक्ती फार मोलाची वाटते. एका दारामुळे श्रोत्याला खाणीची लांबी कळली. आपल्या नभोनाट्यांतही निघून जाणारं पात्र बोलता बोलता माइकपासून मागे सरकतं, ते याच समजुतीने.

पुढे मुद्रित आवाजच कच्चा माल झाला. पॅरिसमध्ये पिएर शेफरने १९४८ साली आगगाड्यांच्या ध्वनिमुद्रणातून संगीतरचना केली. १९५७ साली बीबीसीवर सॅम्युएल बेकेटचं ‘ऑल दॅट फॉल’ झालं. म्हातारी मॅडी रूनी खेड्यातल्या रस्त्याने स्टेशनकडे निघाली आहे. निर्माते डोनाल्ड मॅकव्हिनी यांनी गाई-मेंढ्यांचे आवाज माणसांकडून काढून घेतले. बेकेटला ते रुचलं नाही. मी मात्र मॅकव्हिनींच्या बाजूचा. तो रस्ता मॅडीच्या मनातून ऐकायचा आहे, तिथे खरी गाय उपरी वाटली असती. या नाटकाचे ध्वनी घडवणारे डेस्मंड ब्रिस्को यांनी डॅफ्नी ओरम यांच्यासह १९५८ साली बीबीसीची रेडिओफोनिक वर्कशॉप सुरू केली. तिथे टेप कापून, उलटी फिरवून, वेग बदलून कधीच न ऐकलेले आवाज तयार होऊ लागले.

आता हे सगळं लॅपटॉपवर होतं आणि हेडफोनमुळे निवेदकाचा श्वासही थेट कानात पडतो. शिकणाऱ्याने एकच संवाद तीनदा मुद्रित करून पाहावा : माइक तोंडाशी धरून, खोलीच्या पलीकडच्या टोकावरून आणि बाहेरच्या जिन्यातून. पार्श्वध्वनीची एकही फाइल न जोडता तीन वेगळे प्रसंग उभे राहतात.