न्हाव्याची अर्धी विद्या

वस्तऱ्यात सगळी सुरक्षितता असते ती धरणाऱ्याच्या मनगटात. म्हणून दाढी हे न्हाव्याचं काम. १८८० साली न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी या मनगटाला आधार दिला: पाचरीसारखं छोटं एकधारी पातं आणि त्याच्यापुढे कठडा. पण हे पातं फेकून द्यायचं नव्हतं. चामड्याच्या पट्ट्यावर ते परजावंच लागे. म्हणजे न्हाव्याची अर्धी विद्या घरी शिकणं आलंच!

ती कटकट संपवली किंग कॅम्प जिलेट यांनी. पातळ पोलादाला धार कशी द्यायची, हे कोडं सोडवलं विल्यम निकरसन या अभियंत्यानं. १९०३ साली जेमतेम ५१ रेझर खपले. १९१८ साली मात्र अमेरिकी सरकारनं सैनिकांसाठी ३५ लाख घेतले.

जिलेटचं पातं दुधारी. तरीही जेम, एव्हर-रेडी ही एकधारी घराणी टिकली. त्यांचं पातं जाड, न लवणारं. म्हणून त्यावर जोर द्यायचा नसतो. दाढी कोमट पाण्यानं भिजवायची, दाट फेस करायचा, रेझरचं डोकं गालावर जवळजवळ सपाट टेकवायचं आणि केसांच्या दिशेनं छोटे-छोटे हात मारायचे. कारण कठडा खोल जखम टाळतो, गालाची आग नव्हे.

थोडक्यात, यंत्रानं आपल्या घरातून पट्टा घालवला. हलका हात मात्र आपल्याला शिकावाच लागला. न्हाव्याची उरलेली अर्धी विद्या ती हीच.