जुन्या गाडीतील कूलंटची गळती
मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी या गाड्या अजूनही रस्त्यावर दिसतात. अशा जुन्या गाडीत कूलंटची पातळी उतरते. पण खाली थेंबही दिसत नाही. अनेकदा वॉटर पंपाचे सील झिजलेले असते. पंपाच्या छिद्रातून झिरपणारे कूलंट तापलेल्या इंजिनावर वाळते व डाग तेवढा उरतो. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड झाल्यावरच काढावे, अन्यथा उकळते पाणी अंगावर उडते. तेथे हातपंपाने झाकणावरील आकड्याइतका दाब दिल्यास गळतीची जागा सापडते. होज, क्लिप बदलणे स्वस्तातले काम. पंप मात्र नवाच बसवावा. इंजिन ऑइल दुधाळ झाले असल्यास हेड गॅस्केटचा संशय घ्यावा व गाडी चालवू नये. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा रस्त्याकडेचा उपाय गळतीबरोबर बारीक नळ्याही बुजवतो.