माकड, सेलेनियम आणि माझा एजंट

एआय एजंट मोबाइल ॲप कसं बनवतो आणि तपासतो, हा आजचा विषय. पण डेमो दाखवण्याआधी मी एका माकडाची गोष्ट सांगणार आहे. ती कळली की एजंटचं निम्मं काम कळतं.

साल १९८३. ॲपलमध्ये पहिल्या मॅकिंटॉशचं काम चालू होतं. मेमरी किती? फक्त १२८ केबी! तुम्हाला सकाळी येणारा गुड मॉर्निंगचा एक फोटोसुद्धा बऱ्याचदा त्याहून मोठा असतो. तेवढ्या जागेत सिस्टिम, स्क्रीनवरचं चित्र आणि मॅकराइट, मॅकपेंटसारखी ॲप्स कोंबायची होती. मेमरी अगदी काठावर आली की ॲप काय करतं हे तपासणं भाग होतं, पण माणूस बसून किती वेळ बटणं दाबणार?

स्टीव्ह कॅप्स नावाच्या इंजिनियरला एक युक्ती सुचली. नवीन ग्राहकांना मशीन शिकवण्यासाठी, माऊस-कीबोर्डच्या हालचाली आपोआप चालवायची सोय सिस्टिममध्ये होतीच. त्याने त्याच वाटेने मनाला येतील तशा क्लिक आणि कळा आत सोडल्या. बघणाऱ्याला वाटावं, कुणी पिसाळलेलं माकड मशीनवर बसलंय. प्रोग्रॅमचं नावच पडलं ‘मंकी’.

पण माकड ते माकडच. थोड्या वेळात फिरत फिरत मेनूतल्या ‘क्विट’वर जाऊन आदळायचं आणि ॲप बंद. टेस्ट खलास. तेव्हा बिल ॲटकिन्सनने, म्हणजे मॅकपेंट लिहिणाऱ्यानेच, तोडगा काढला: सिस्टिममध्ये एक फ्लॅग ठेवायचा, ‘मंकीलिव्ज’. तो चालू दिसला की ॲपने समजायचं, आता माकड आलंय, क्विट आणि बाकी नाजूक जागा बंद करा. मग माकड रात्रभर चालू लागलं. तो फ्लॅग मेमरीत २५६ नंबरच्या पत्त्यावर, सिस्टिमच्या खास जागेतल्या अगदी पहिल्या खान्यात बसला. पुढे ५१२ केबीचा मॅक आला, मेमरीची ओढाताण कमी झाली, माकड मागे पडलं. नाव मात्र तिथेच राहिलं.

माझ्या मते यातला मोठा शोध माकड नव्हे, तो फ्लॅग आहे. कुठे हात लावायचा नाही, हे मशीनला आधी सांगून ठेवणं.

पुढचा इतिहास पटकन. २००४ मध्ये शिकागोत, थॉटवर्क्समध्ये जेसन हगिन्सने ब्राउझर आपोआप चालवणारं सेलेनियम बनवलं. नावामागे टोमणा आहे: प्रतिस्पर्धी कंपनीचं नाव मर्क्युरी, म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषावर उतारा सेलेनियम! मोबाइल आल्यावर डॅन क्युएलरने आयफोनच्या ॲप्ससाठी तसंच काहीतरी लिहिलं, त्यातून ॲपियम झालं. ही साधनं माकडासारखी आंधळी नव्हती, सांगितलं तेवढंच करायची. पण एका बटणाची जागा किंवा नाव बदललं की सगळी स्क्रिप्ट कोसळायची. मी स्वतः कितीतरी संध्याकाळी ती दुरुस्त करण्यात घालवल्यात.

आता एजंट. तो कोड लिहितो, बिल्ड करतो, एम्युलेटरवर ॲप टाकतो, स्क्रीन वाचतो, टॅप करतो, क्रॅश झालं तर लॉग वाचून कोड बदलतो आणि परत पहिल्यापासून. स्क्रीन वाचायला तो स्क्रीनशॉट घेतो, नाहीतर स्क्रीनवरच्या घटकांची यादी मागवतो. ही यादी म्हणजे दृष्टिहीन लोकांसाठी टॉकबॅक जी माहिती वापरतं तीच. त्यामुळे एक गंमत होते. ज्या बटणाला नाव दिलेलं नाही, नुसतं चित्र आहे, तिथे एजंट अडखळतो. म्हणजे दृष्टिहीन माणूस वर्षानुवर्षं जिथे अडत होता तिथेच. त्याची तक्रार बॅकलॉगमध्ये पडून राहायची, एजंट अडला की बटणाला त्याच दिवशी नाव मिळतं. बरं वाटतं, आणि रागही येतो.

खरी अडचण पुढे आहे. कोड लिहिणारा तोच आणि तपासणाराही तोच. स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा! टेस्ट फेल झाली की त्याच्यासमोर दोन वाटा असतात, कोड सुधारायचा किंवा टेस्ट सैल करायची. आमच्या एका ॲपमध्ये हप्त्याच्या हिशोबात पैशांची राउंडिंग चुकत होती. एजंटने टेस्टमधली अपेक्षित रक्कमच बदलली. सगळं हिरवंगार! हे पकडलं आमच्या टीममधल्या टेस्टर ताईंनी, कारण त्यांनी कागदावर हप्ता मांडून पाहिला होता. त्याच महिन्यात मीटिंगमध्ये प्रश्न निघाला होता, की आता मॅन्युअल टेस्टर कशाला हवेत. पुण्यात माझ्या बॅचमधल्या कित्येकांची पहिली नोकरी टेस्टिंगचीच होती, त्यामुळे तो प्रश्न मला नुसता बजेटचा वाटला नाही. ताईंनी उत्तर दिलं नाही, पुढच्या बैठकीला तो कागद घेऊन आल्या.

डायक्स्ट्राने १९६९ मध्येच रोमच्या परिषदेत सांगितलं होतं, की टेस्टिंगने बग आहेत हे दिसतं, नाहीत हे सिद्ध होत नाही. पण निदान टेस्ट तरी तपासणाऱ्याच्या ताब्यात असायची. म्हणून आता आमच्याकडे टेस्टच्या फोल्डरमध्ये एजंटला लिहायची परवानगी नाही. फक्त वाचायची.

आणि हो, माकड अजून आहे. अँड्रॉइडच्या टूल्समध्ये मंकी नावाची कमांड आहे, तीही अशाच वेड्यावाकड्या टॅप करते. फरक एवढाच, की तिला तोच सीड नंबर दिला की ती त्याच क्रमाने तोच धिंगाणा घालते, म्हणजे क्रॅश पुन्हा घडवून पाहता येतो. एजंटला तीच सूचना दोनदा द्या, दोन वेगळ्या वाटांनी जाईल.

ॲपला विचारायची सोयही अँड्रॉइडमध्ये आहे: ‘इजयूजरअमंकी’, सध्याचा वापरणारा माकड आहे का? मंकी कमांड चालू असेल तर उत्तर ‘हो’ येतं. पेमेंट किंवा अकाउंट डिलीटच्या बटणाआधी ही तपासणी लावता येते, मंकीलिव्जचीच नातवंड म्हणा. आमचा एजंट एडीबीच्या साध्या इनपुट कमांडने टॅप करतो. त्याच्याबद्दल विचारलं तर उत्तर येतं ‘नाही’. अँड्रॉइडच्या लेखी तो माणूसच. म्हणून टेस्ट बिल्डमध्ये आम्हाला आमचा वेगळा फ्लॅग टाकावा लागला. नाव काय ठेवायचं यावर वाद झाला नाही.