करी, स्टेफन : महाविद्यालयीन कारकीर्द (२००६–२००९)

एनबीए या अमेरिकन व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत लांब पल्ल्याच्या फेकीला खेळाच्या केंद्रस्थानी आणणारा स्टेफन करी हा २००६ ते २००९ या काळात नॉर्थ कॅरोलिना राज्यातील डेव्हिडसन कॉलेजकडून खेळला. त्याचा जन्म १४ मार्च १९८८ रोजी ओहायो राज्यातील ॲक्रन येथे झाला. वडील डेल करी हे स्वतः एनबीएमधील नावाजलेले नेमबाज. त्यांच्या कारकिर्दीची बहुतेक वर्षे शार्लट हॉर्नेट्स संघात गेली, त्यामुळे स्टेफनचे बालपण शार्लट शहरात गेले. आई सोन्या या महाविद्यालयीन व्हॉलीबॉलपटू होत्या. वडिलांचा जर्सीवरचा ३० हा क्रमांक पुढे मुलानेही घेतला.

शार्लट ख्रिश्चन स्कूलकडून खेळताना तो अंगाने किरकोळ होता. हातात पुरेसा जोर नसल्याने तो चेंडू कमरेजवळून वर ढकलत असे आणि उंच बचावपटूंना अशी फेक अडवणे सोपे जाई. दहावीनंतरच्या उन्हाळ्यात वडिलांनी ही सवय मोडायला लावली. चेंडू कपाळाच्या वर नेऊन तेथूनच सोडायचा, ही नवी पद्धत अंगवळणी पडेपर्यंत त्याचे लांबून नेम धरणे जवळजवळ बंदच पडले होते. तो उन्हाळा त्याला नकोसा झाला. पण चेंडू हातातून क्षणार्धात सुटण्याची त्याची पुढची ख्याती तेथेच घडली.

शाळेतील कामगिरी चांगली असूनही मोठ्या विद्यापीठांनी त्याला खेळाडू म्हणून शिष्यवृत्ती देऊ केली नाही. आईवडील दोघेही व्हर्जिनिया टेकचे माजी खेळाडू, पण त्या विद्यापीठानेही शिष्यवृत्तीविना संघात येण्याची आणि पहिले वर्ष न खेळता थांबण्याची तयारी असेल तरच दार उघडे ठेवले. डेव्हिडसनचे प्रशिक्षक बॉब मॅकिलॉप यांची पारख वेगळी ठरली. १८३७ मध्ये स्थापन झालेले हे कॉलेज तेव्हा जेमतेम १,७०० विद्यार्थ्यांचे. एनसीएए या राष्ट्रीय स्पर्धेतील त्याचा तोवरचा शेवटचा विजय थेट १९६९ मधला. मोठ्या विद्यापीठात राखीव खेळाडूंच्या बाकावर गेला असता तो काळ करीला येथे मैदानावर मिळाला, हे त्याच्या जडणघडणीतील सर्वांत मोठे कारण मानावे लागेल.

नोव्हेंबर २००६ मधील ईस्टर्न मिशिगनविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्याने १५ गुण केले खरे, पण १३ वेळा चेंडूही गमावला. एवढ्या चुका करणाऱ्या नवख्याला एखाद्या प्रशिक्षकाने बाहेर बसवले असते. मॅकिलॉप यांनी त्याला पुढच्याच सामन्यात खेळवले आणि त्याने मिशिगन विद्यापीठाविरुद्ध ३२ गुण केले. त्या हंगामात सामन्यामागे २१.५ गुणांची सरासरी राखत तो देशातील प्रथम वर्षाच्या खेळाडूंत केव्हिन ड्युरँटखालोखाल दुसरा आला. तीन गुणांच्या १२२ यशस्वी फेकी हा प्रथम वर्षाच्या खेळाडूचा नवा राष्ट्रीय विक्रम होता. एनसीएए स्पर्धेत मात्र डेव्हिडसनला पहिल्याच फेरीत मेरीलँडने ८२–७० असे हरवले. त्यात करीचे ३० गुण होते. २००७ च्या उन्हाळ्यात सर्बियात झालेल्या १९ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत तो रौप्यपदक विजेत्या अमेरिकन संघात होता.

दुसऱ्या वर्षाची सुरुवात नॉर्थ कॅरोलिना, ड्यूक आणि यूसीएलए या बलाढ्य संघांकडून झालेल्या पराभवांनी झाली. त्यानंतर संघाने सदर्न कॉन्फरन्समधील वीसच्या वीस साखळी सामने जिंकले. मार्च २००८ मधील ६५ संघांच्या बाद पद्धतीच्या एनसीएए स्पर्धेत डेव्हिडसनला गटात दहावे मानांकन होते. पहिल्या फेरीत करीने गोन्झागाविरुद्ध ४० गुण केले. त्यांपैकी ३० उत्तरार्धातील. दुसऱ्या मानांकित जॉर्जटाउनने १७ गुणांची आघाडी घेतली होती, ती मोडून डेव्हिडसनने ७४–७० असा विजय मिळवला. येथेही करीच्या ३० पैकी २५ गुण उत्तरार्धातलेच. पुढचे सामने डेट्रॉईटमध्ये होते. तेथे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बसचा, तिकिटांचा आणि राहण्याचा खर्च कॉलेजच्या विश्वस्तांनी उचलला. ५७ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर विस्कॉन्सिनचा ७३–५६ असा पाडाव झाला. करीचे गुण ३३. तो सामना पाहायला एनबीएपटू लेब्रॉन जेम्स आला होता.

अंतिम चार संघांत जाण्यासाठीची लढत कॅन्ससशी झाली. करीचे २५ फेकींपैकी ९ नेमच लागले. तरीही अखेरच्या क्षणी डेव्हिडसन दोनच गुणांनी मागे होता आणि चेंडू करीच्या हातात होता. दोघा बचावपटूंनी वाट अडवल्याने त्याने तो सहकारी जेसन रिचर्ड्सकडे दिला. रिचर्ड्सची लांबून केलेली फेक हुकली आणि सामना ५९–५७ असा गेला. कॅन्ससने पुढे विजेतेपदही पटकावले. चार सामन्यांत करीचे १२८ गुण झाले, आणि हंगामातील तीन गुणांच्या १६२ यशस्वी फेकींनी नवा राष्ट्रीय विक्रम नोंदवला.

रिचर्ड्स पदवीधर होऊन गेल्यावर तिसऱ्या वर्षी करीकडे पॉइंट गार्डची, म्हणजे खेळ रचण्याची जबाबदारी आली. त्याच वर्षी पुरुषांच्या महाविद्यालयीन सामन्यांतील तीन गुणांची रेषा एक फुटाने मागे सरकली होती. तरी २८.६ गुणांच्या सरासरीने तो देशात पहिला आला. ओक्लाहोमाविरुद्ध त्याने ४४ गुण केले आणि आठवड्याभरातच, २५ नोव्हेंबर २००८ रोजी, लॉयोला (मेरीलँड) विरुद्ध शून्य. लॉयोलाने सामनाभर त्याच्यामागे दोन खेळाडू लावले होते. करी सरळ कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. ते दोघे तेथेच अडकले आणि उरलेल्या मैदानात डेव्हिडसनचे चौघे विरुद्ध लॉयोलाचे तिघे असा खेळ झाला. निकाल ७८–४८. आकड्यांच्या मोहात न पडता डाव ओळखणारा खेळाडू म्हणून त्याचे मोल या शून्यातच नीट कळते. संघाला मात्र त्या मोसमात एनसीएए स्पर्धेत प्रवेश मिळाला नाही. दुय्यम दर्जाच्या एनआयटी स्पर्धेत दुसऱ्या फेरीतच पराभव झाला.

एकूण १०४ सामन्यांत २,६३५ गुण आणि तीन गुणांच्या ४१४ यशस्वी फेकी अशी नोंद करून, शेवटचे वर्ष बाकी असतानाच त्याने कॉलेज सोडले. २५ जून २००९ च्या एनबीए निवडीत मिनेसोटाने पाचव्या व सहाव्या क्रमांकावर रिकी रुबिओ आणि जॉनी फ्लिन हे दोन पॉइंट गार्ड निवडले. सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेट वॉरियर्सने करीला घेतले. खेळाडूचा क्रमांक सन्मानाने निवृत्त करण्यासाठी तो पदवीधर असावा, हा डेव्हिडसनचा दंडक त्याच्यासाठीही शिथिल झाला नाही. २०२२ मध्ये त्याने राहिलेला अभ्यासक्रम पूर्ण करून पदवी मिळवली आणि ३१ ऑगस्ट २०२२ रोजी ३० क्रमांकाची जर्सी निवृत्त करण्यात आली.