एका विधेयकाची वंशावळ

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या सडकेवर नांदगांव पेठ हें गांव लागतें. गेल्या लग्नसराईंत तेथें एका स्नेह्यांच्या मांडवांत बसलों असतां समलिंगी व्यक्तींच्या विवाहाचा विषय निघाला. यजमान वयानें मजहून वडील. ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, लग्नासारख्या गोष्टींत खासदारांनीं हात कशाला घालावा? पूर्वीं असें कधीं झालें आहे काय?" प्रश्न प्रामाणिक होता, इतिहासाच्या अध्यापकानें तो टाळावा असा नव्हता.

या प्रश्नाचें मूळ असें. १ एप्रिल २०२२ रोजीं बारामतीच्या खासदार श्रीमती सुप्रिया सुळे यांनीं लोकसभेंत एक खासगी विधेयक मांडलें. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यांत दुरुस्ती करून समलिंगी व्यक्तींस विवाह करतां यावा, आणि 'पति' व 'पत्नी' या शब्दांच्या जागीं 'जोडीदार' हा शब्द यावा, असा त्याचा आशय होता. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमांतून वगळले होते. त्यामुळें गुन्हा उरला नाहीं. पण वारसा, पोटगी इत्यादि हक्क त्यानें मिळाले नाहींत. ही उणीव विधेयकास भरून काढावयाची होती.

आतां पूर्वेतिहास पाहूं. १८५६ सालीं विधवाविवाहास कायद्याची मान्यता मिळाली. १८७२ सालीं नोंदणीविवाहाचा कायदा झाला. परंतु त्याचा लाभ घेणारास आपण हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणत्याही रूढ धर्माचे नाहीं असें लिहून द्यावें लागे. ही अडचण दूर करण्यासाठीं १९११ सालीं भूपेंद्रनाथ बसू यांनीं विधेयक आणलें. तें निष्फळ झालें. १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेल यांनीं हिंदूंचे मिश्रविवाह वैध ठरविणारें विधेयक मांडलें. सनातनी मंडळींनीं कडाडून विरोध केला, आणि तेंही कायदा झालें नाहीं. पुढें १९२३ सालीं मध्यप्रांताचे डॉ. हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नानें ती जुनी अट हिंदु, बौद्ध, शीख व जैन यांच्यापुरती गेली. पटेलांनीं मागितलेलें मात्र १९४९ च्या कायद्यानें पदरांत पडलें. मध्यें एकतीस वर्षें गेलीं.

याच मधल्या काळांत, १९२७ सालीं, आपल्या जिल्ह्यांतील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनीं विमलाबाई वैद्य यांच्याशीं आंतरजातीय विवाह केला. आज वऱ्हाडांत त्या विवाहाचें नांव आदरानें घेतलें जातें.

येथें एक आक्षेप रास्त आहे. जातिभेद माणसानें केलेला, स्त्रीपुरुषभेद निसर्गाचा. मग दोहोंची तुलना कशी करावी? हा भेद मी नाकारीत नाहीं. पण कायदा पति-पत्नींस जे हक्क देतो ते संततीच्या अटीवर देत नाहीं. निपुत्रिक दांपत्याचा वारसाहक्क कोणीं काढून घेतल्याचें ऐकिवांत नाहीं.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें विवाहाचा मूलभूत हक्क मान्य केला नाहीं, आणि अशा जोडप्यांच्या नागरी सहजीवनासही तीन विरुद्ध दोन मतांनीं मान्यता नाकारली. विवाहाचा कायदा बदलणें हें संसदेचें काम, असा निर्वाळा दिला. सुळे यांचें विधेयक तर २०२४ सालीं ती लोकसभा विसर्जित होतांच संपलें. त्यांत नवल नाहीं. १९५२ पासून अवघीं चौदा खासगी विधेयकें कायदा झालीं, त्यांतील शेवटचें १९७० सालीं. शिधापत्रिका व संयुक्त बँकखातें यांविषयीं सरकारनें २०२४ सालीं सूचना काढल्या. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे.

हें सारें ऐकून यजमान कांहीं वेळ गप्प राहिले. मग हलक्या आवाजांत म्हणाले, "माझा पुतण्या पुण्यास बारा वर्षें एका मित्राबरोबर राहतो. उद्यां तो दवाखान्यांत पडला, तर सही कोणाची चालावयाची?"

याचें समाधानकारक उत्तर मजपाशीं नव्हतें. पटेलांचें विधेयक पडलें तरी वायां गेलें नाहीं, एवढें इतिहासाच्या आधारें सांगतां आलें. परंतु त्या एकतीस वर्षांत ज्यांचीं आयुष्यें सरलीं, त्यांस १९४९ चा कायदा काय कामाचा?