भांगेची मात्रा: एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘भांग’ म्हणालो, आणि फोनवर पलीकडे क्षणभर शांतता पसरली. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने सत्तरी उलटल्यावर हा विषय का घ्यावा, असं त्यांना वाटलं असणार. कारण आधीच सांगतो.

चाळीसएक वर्षांपूर्वीची रंगपंचमी. इथेच, सोलापुरात, एका सहकाऱ्याच्या वाड्यात आम्ही जमलो होतो. कुणीतरी परगावाहून बर्फी आणली होती. तिच्यात भांग आहे हे सगळ्यांना माहीत होतं, गंमत तीच होती. आमच्याबरोबर विशीतला एक विद्यार्थी होता. त्याने एक तुकडा खाल्ला. तासाभराने म्हणाला, ‘‘सर, काहीच होत नाही.’’ आम्ही म्हणालो, ‘‘मग ही नुसतीच बर्फी दिसते,’’ आणि दुसरा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. आणखी कुणी तिसरा दिला. दिवस कलताना तो भिंतीला टेकून थरथरत बसला होता, समोरचा माणूस ओळखेना. दवाखान्यात नेलं, तर तिथे पहिला अर्धा तास आम्ही ‘ऊन लागलं असेल’ असंच सांगत राहिलो. शेवटी खरं बोललो. डॉक्टर म्हणाले, ‘‘तुकडे मोजू नका. त्यात भांग किती होती?’’

आम्ही सहा शिकलेली माणसं उभी होतो. एकालाही उत्तर देता आलं नाही. मुलगा दोन दिवसांत बरा झाला. तो प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला. आजचं व्याख्यान त्या प्रश्नाचा इतिहास आहे.

‘मात्रा’ हा शब्द आपल्या घरात पूर्वीपासून आहे. बाळगुटी उगाळणाऱ्या आजीला ग्रॅम माहीत नव्हते, पण सहाणेवर जायफळाचे वळसे किती द्यायचे हे ती मोजून द्यायची. जायफळ जास्त झालं तर बाळ सुस्तावतं, हे तिला ठाऊक होतं. भांगेच्या बाबतीत असे वळसे कुणी मोजले का, हे आता पाहू.

१८३९ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर विल्यम ब्रुक ओ’शॉनेसी यांनी गांजावर एक निबंध लिहिला. प्राण्यांवर आणि रुग्णांवर प्रयोग करून त्यांनी मद्यार्कातला अर्क औषध म्हणून वापरला. त्याच निबंधात माजूम कसा करतात याचंही वर्णन आहे: भांग तुपात आणि पाण्यात उकळायची, गाळायची, तूप गार होऊ द्यायचं, आणि त्या तुपाची साखर-दुधाबरोबर वडी पाडायची. वनस्पतीतला गुण पाण्यात उतरत नाही, तुपात उतरतो, हे आपल्या हलवायांना रसायनशास्त्राच्या आधीच कळलं होतं. आज परदेशी दुकानांत मिळणाऱ्या नशेच्या गोळ्या-केक हे या माजुमाचेच वंशज म्हणायचे.

ओ’शॉनेसींचा अर्क इंग्लंडच्या औषधकोशात गेला, पण तिथे टिकला नाही. एका बाटलीने रुग्णाला काहीच होत नसे, दुसऱ्या बाटलीने तो गुंगत असे. पीक वेगळं, साठवण वेगळी, अर्काची ताकद वेगळी, आणि ती मोजण्याचं साधन नाही. नवी, खात्रीची औषधं आली तसा तो मागे पडला, आणि १९३२ साली ब्रिटिश औषधकोशातून त्याचं नाव गेलं. ज्या घटकामुळे नशा येते तो टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळा करून त्याची रचना सांगितली राफेल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी, १९६४ साली, इस्रायलमध्ये. म्हणजे ओ’शॉनेसींच्या निबंधानंतर सव्वाशे वर्षांनी ‘किती होती’ याचं उत्तर शक्य झालं.

मधल्या काळात सरकारने काय केलं? मुंबई इलाख्यात १८७८चा अबकारी कायदा होता. गांजा-भांग परवान्याने विकली जाई आणि सरकारला महसूल मिळे. १८९३च्या मार्चमध्ये दारूबंदीवाले खासदार विल्यम केन यांनी ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारला की या पदार्थांनी हिंदी लोकांचं नैतिक-शारीरिक नुकसान होतं का? त्यातून भारतीय भांग आयोग नेमला गेला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते, सदस्यांत तीन हिंदी गृहस्थ होते. आयोगाने ११९३ साक्षी घेतल्या. १८९४ साली अहवाल आला.

या अहवालातला एक भाग आम्हाला फार मोलाचा वाटतो. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदींत ‘कारण: गांजा’ असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं होतं. आयोगाने १८९२ सालची प्रकरणं पुन्हा तपासली. दिसलं असं की रुग्णासोबत पोलिसांचा कागद येई, त्यातला कारणाचा रकाना भरायचाच म्हणून भरलेला असे, आणि इस्पितळ तोच उतरवून घेई. बहुतेक नोंदींना आधार नव्हता. माहिती नसताना रकाना भरणं आणि माहिती नसताना बर्फी वाढणं, यांत आम्हाला फारसं अंतर दिसत नाही.

आयोगाचा निष्कर्ष होता की माफक सेवनाने सहसा हानी नाही, अतिसेवनाने आहे, म्हणून पूर्ण बंदी नको, कर, परवाने आणि बाळगण्याची मर्यादा असावी. निष्कर्ष समंजस होता. पण ‘माफक’ म्हणजे किती, याचं माप त्यांच्याजवळ नव्हतं. वजन करता येत होतं, ताकद मोजता येत नव्हती. माजुमाची वडी तर त्या तराजूला मुळीच समजत नव्हती.

स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा आला. त्याखाली महाराष्ट्रात परवान्याशिवाय भांग बाळगणं हा गुन्हा आहे. उत्तर प्रदेश-राजस्थानात मात्र सरकारमान्य भांगेची दुकानं आहेत. १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजाची व्याख्या करताना शेंड्यांशिवायची सुटी पानं आणि बिया वगळल्या, त्यामुळे आपली पानांची भांग त्या व्याख्येबाहेर राहिली. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने, म्हणजे एनडीपीएसने, तीच रेघ ओढली. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, वेगळी केलेली राळ म्हणजे चरस, आणि हशीश तेलासारखा अर्कही चरसातच. यांचं कोणतंही मिश्रण, यांपासून केलेलं पेय, तेही आत.

नीट पाहा, ही रेघ झाडाच्या अवयवावर ओढली आहे, ताकदीवर नाही. पुढची पायरी वजनाची. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ‘अल्प’ मानला जातो, चरस मात्र शंभर ग्रॅमपर्यंतच. शिवाय २०२० साली हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की मिश्रणात मिसळलेल्या निरुपद्रवी पदार्थाचं वजनही धरायचं.

आता जून २०२१मध्ये मुंबईत काय झालं ते आठवा. मालाडच्या एका बेकरीवर एनसीबीने छापा घातला, ८३० ग्रॅम ब्राउनी जप्त केली. त्या खटल्याविषयी आम्हाला बोलायचं नाही, एक काल्पनिक हिशेब मांडतो. तेवढ्याच वजनाचे दोन केक घ्या, टीएचसी दोन्हींत सारखं. एकात गांजा घातलाय, दुसऱ्यात हशीश तेल. पूर्ण वजन मिश्रण म्हणून धरलं तर पहिला अल्प ठरतो, दुसरा शंभर ग्रॅमच्या कितीतरी पुढे जातो. मैदा, लोणी, साखर सगळं तराजूत चढतं. खाणाऱ्याच्या शरीराला मात्र मैद्याशी देणंघेणं नाही. ते फक्त मिलिग्रॅम मोजतं.

आणि ते उशिरा मोजतं, हे फार महत्त्वाचं. चिलीम ओढली तर काही मिनिटांत कळतं आणि माणूस थांबतो. खाल्लं तर अर्ध्यापासून दोन तासांपर्यंत काहीच जाणवत नाही. यकृतात टीएचसीचं रूप बदलतं, ते नवं रूपही नशा आणणारंच असतं, आणि असर कितीतरी तास राहतो. ‘काहीच होत नाही’ हे त्या मुलाचं वाक्य खोटं नव्हतं, फक्त लवकर बोललेलं होतं. घाई आम्ही केली.

जिथे विक्री खुली झाली तिथे हा धडा महागात शिकले. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत २०१४पासून दुकानं उघडली. तिथे एका वाट्यात दहा आणि एका पाकिटात शंभर मिलिग्रॅम टीएचसी ही मर्यादा आहे. पुढे प्रत्येक तुकड्यावर खूण सक्तीची झाली, २०१७मध्ये प्राणी-फळांच्या आकाराच्या गोळ्या बंद झाल्या. कॅनडाने २०१९मध्ये आख्ख्या पाकिटालाच दहा मिलिग्रॅमची मर्यादा घातली. तरी अमेरिकेत सहा वर्षांखालच्या मुलांनी असे पदार्थ खाल्ल्याची विषबाधा केंद्रांकडची प्रकरणं २०१७मध्ये २०७ होती, २०२१मध्ये ३०५४ झाली. तेव्हा ‘खुलं करा, सगळं नीट होईल’ असं आम्ही म्हणणार नाही. लेबल वाचता न येणारं पोर गोळीला गोळीच समजतं.

पण बंदी असली की लेबलच नसतं, हीही दुसरी बाजू आहे. आपल्याकडे आयुर्वेदिक औषधांपुरती थोडी शिस्त आहे. भांग विषारी द्रव्यांच्या यादीत असल्याने ती असलेल्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना छापावी लागते. अलीकडे ‘विजया’ नावाने अर्क विकले जाऊ लागलेत, तिथे वैद्याने आणि रुग्णाने पाहायची पहिली गोष्ट म्हणजे दर थेंबाला किती मिलिग्रॅम. सणाच्या बर्फीवर मात्र काहीच छापलेलं नसतं.

कायदा कडक असावा की सैल, यावर आपल्यात मतभेद असतील, प्रश्नोत्तरांत जरूर भांडू. आमचं म्हणणं त्याच्या अलीकडचं आहे. ज्याच्या तोंडात आपण एखादी वस्तू घालतो, त्याला ती काय आहे आणि किती आहे हे सांगणं आपलं देणं लागतं. सांगता येत नसेल तर हात मागे घ्यावा. आणि कुणी खाल्लीच असेल, तर दुसरा तुकडा देऊ नये. त्रास दिसला तर दवाखान्यात पहिल्याच वाक्यात खरं सांगावं, उरलेला तुकडा किंवा पाकीट बरोबर न्यावं. लाजेपायी आम्ही घालवलेला तो अर्धा तास त्या मुलाचा होता, आमचा नव्हता.

तो विद्यार्थी आज आजोबा झालाय. दर रंगपंचमीला फोन करतो, आणि अजून विचारतो, ‘‘सर, किती होती हो त्यात?’’